पराठ्यात लपवलेला पालक सापडला, आता काय? भाजी न खाणाऱ्या मुलांसाठी क्रमाने करायच्या तपासण्या

डोंबिवलीत मी पाळणाघर चालवते, त्याला सोळा वर्षं झाली. दीड वर्षापासून चौथीपर्यंतची मुलं दुपारी माझ्याकडे जेवतात आणि स्वयंपाक मीच करते. दर जूनमध्ये नवीन मुलं येतात. त्यातल्या दोघातिघांच्या आया दारातच सांगतात, "काकू, भाजी सोडून सगळं खातो हो." तक्रार तीच, पण कारण दर वेळी वेगळं निघतं. म्हणून मी एक क्रम ठरवून घेतला आहे: आधी फुकटातल्या आणि सोप्या गोष्टी, मग मेहनतीच्या. बहुतेक घरांत सुरुवात मिक्सरमध्ये पालक वाटण्यापासून होते. माझ्या क्रमात ते खूप नंतर येतं.

लक्षणं

यातलं काय तुमच्या घरी दिसतं ते आधी बघा.

- पोळी कोरडी खातो, भाजी ताटात तशीच. वरण-भात, दही-भात आणि बटाटा एवढंच चालतं.
- पोह्यांतला कांदा, उपम्यातला मटार एकेक वेचून कडेला ठेवतो.
- घास गालात धरून बसतो. जेवण पाऊण तास चालतं.
- वर्षाचा असताना सगळं खायचा, दोन वर्षांनंतर एकेक भाजी बंद होत गेली.
- लपवलेली भाजी सापडली की तो पदार्थही कायमचा बंद.

चौथ्या लक्षणाने आयांचा जीव सगळ्यात जास्त खालीवर होतो, म्हणून त्याबद्दल आधीच सांगते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, म्हणजे तीन किलोचं नऊ किलो. त्यानंतर वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. शिवाय दोन ते सहा या वयात अनोळखी खाण्याची भीती वाटणं हा वाढीचाच एक टप्पा आहे. मूल चालायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालू शकतं, अशा वयात ही सावधगिरी निसर्गानेच दिलेली असते. आपलं काही चुकलं असं लगेच मानू नका.

तपासणी १: तोंड आणि पोट

दोन मिनिटांचं काम आहे. मुलाला उजेडात आडवं घ्या आणि मागच्या दाढा बघा. काळे ठिपके, खड्डा, सुजलेली हिरडी दिसते का? घास गालात धरणाऱ्या किती तरी मुलांच्या दाढा किडलेल्या मी पाहिल्या आहेत. भात-वरण गिळता येतं, गवार किंवा कोबी चावावा लागतो आणि चावलं की ठणका लागतो. लहान मूल "दाढ दुखते" असं सांगत नाही, "नको" एवढंच म्हणतं.

मग शी. दोन-तीन दिवसांतून एकदा, कडक, कुंथून होत असेल तर पोट भरलेलंच राहतं आणि भूक मरते. भाजी नाही म्हणून बद्धकोष्ठ, बद्धकोष्ठ म्हणून भूक नाही, भूक नाही म्हणून भाजी नाही, असं ते चक्र असतं. पाणी वाढवा, पपई, पेरू, भिजवलेले मनुके द्या. आठवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांना विचारा. मनाने जुलाबाचं औषध देऊ नका.

जंताची गोळी शेवटची कधी दिली तेही आठवा. अंगणवाडीत आणि शाळेत साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये ती फुकट देतात, एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर राहून जाते.

तपासणी २: घड्याळ आणि दुधाचा कप

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त मुलांचा प्रश्न इथेच सुटतो, म्हणून ही तपासणी नीट करा. एक वही घ्या. तीन दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात गेलेलं सगळं वेळेसकट लिहा. आजीने दिलेलं बिस्किट, शेजारच्या काकूंनी दिलेली चकली, झोपताना दुधाची बाटली, सगळं.

गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीची वही अशी होती: सकाळी सातला मोठा कप दूध, नऊला दूध-बिस्किट, अकराला केळं, साडेबाराला जेवण, चारला दूध, सहाला चिप्स, रात्री जेवल्यावर पुन्हा दूध. दूध मोजलं तेव्हा दिवसाला जवळजवळ एक लिटर भरलं. त्या पोटात भेंडीला जागाच नव्हती. वर्षानंतरच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध पुरेसं होतं, आणि त्यात दही-ताकही मोजायचं. जास्त दुधाने भूक जाते आणि लोहही कमी पडतं, कारण दुधात लोह जवळजवळ नसतं आणि ते दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. रक्त कमी असलं की भूक आणखी कमी होते, म्हणून मी दुधाच्या कपावर इतका जोर देते.

बदल एवढाच करा: जेवणाआधी दीड-दोन तास पाण्याशिवाय काही नाही. दूध जेवणाच्या जागी नाही आणि जेवणाच्या तोंडावरही नाही. चहा तर मुलांना देऊच नका. चहा-पोळी, चहा-बिस्किट बऱ्याच घरांत चालतं, पण चहा पालेभाजीतलं लोह अंगी लागू देत नाही. उलट पालकावर लिंबू पिळलं तर ते लागतं.

पहिले चार-पाच दिवस मूल चिडचिड करेल, आजी रागावतील. आजींना वही दाखवा. आकडे डोळ्यांसमोर आले की त्या समजून घेतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तपासणी ३: ताट

मोबाइल बंद. व्हिडिओ बघत गेलेला घास मुलाला कळतच नाही, त्यामुळे त्या चवीची ओळख होत नाही. उद्या मोबाइल नसला की ती भाजी त्याला पुन्हा नवीनच.

वाढताना एक चमचा वाढा. खरंच एकच, चहाचा. वाटीभर भाजी बघून मूल घाबरतं. आणि "एवढं संपव मग चॉकलेट" हे आजपासून बंद करा. त्यातून मुलाला कळतं की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट ही सुटका. काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते मुलाला ठरवू द्या. आईबाबा स्वतः काय खातात तेही बघा. बाबांच्या ताटात गवार नसेल तर मुलाच्या ताटात ती टिकणार नाही.

तपासणी ४: पावभाजीची चाचणी

तुमचं मूल पावभाजी खातं का? त्यात फ्लॉवर, मटार, ढोबळी मिरची, टोमॅटो सगळं असतं. पाळणाघरात पावभाजी केली की "भाजी नको" म्हणणारी बहुतेक मुलं दुसऱ्यांदा मागतात. पावभाजी चालत असेल तर भाजीच्या चवीशी वैर नाही. वैर आहे ते तुकड्याशी: त्याच्या दिसण्याशी किंवा तोंडाला लागण्याशी.

पावभाजी नको, पण कुरकुरीत भेंडी किंवा कच्ची काकडी चालते? मग मुलाला गिळगिळीत, मऊ लगदा नको आहे. अशा मुलाला भाजी वाटून द्याल तर काम बिघडेल.

दोन्ही नको आणि कोबी शिजतानाच नाक मुरडतो? मग वास आणि कडवटपणा. मुलांच्या जिभेला कडू मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतं, हे खरं आहे. ते नाटक करत नसतात.

या तिघांपैकी कोणतं, ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासणी ५: चिरणं आणि शिजवणं

भेंडी आदल्या रात्री धुऊन फडक्यावर पसरून ठेवा. ओली चिरली की तार सुटते. उभी बारीक चिरा, पसरट कढईत झाकण न ठेवता परता, मीठ शेवटी घाला. दोन आमसुलं किंवा लिंबाचा रस घातला की उरलेली तारही जाते. वर चमचाभर डाळीचं पीठ पेरलं तर कडा कुरकुरीत होतात. भेंडी न खाणारी किती तरी मुलं ही हाताने उचलून खातात.

कोबी-फ्लॉवर कुकरला लावू नका. जास्त शिजले की त्यातल्या गंधकाचा वास सुटतो आणि घरभर पसरतो. उघड्या कढईत, मोठ्या आचेवर, सात-आठ मिनिटं पुरतात. गवार आणि घेवड्याच्या शिरा नीट काढा. एक शीर घशात अडकली की मूल ती भाजी वर्षभर विसरत नाही. मेथीचा कडवटपणा मीठ, ओलं खोबरं आणि गुळाच्या खड्याने बसतो. पालेभाजीचे देठ अगदी कोवळेच घ्या. शेवग्याची शेंग मात्र जशी आहे तशी हातात द्या. चोखून खायला मुलांना मनापासून आवडते आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तपासणी ६: लपवणं

आता मिक्सर काढा. पण लपवण्याने पोटात भाजी जाते, मुलाला ती आवडायला लागत नाही. म्हणून माझ्याकडे नियम आहे: एक लपवलेली आणि एक उघडी, एकाच जेवणात. वरणात भोपळा लपलेला असेल तर ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर भाजी उघड्यावर असतेच. खाल्ली नाही तरी चालते, ती तिथे असली पाहिजे.

सुरुवात लाल भोपळ्याने करा. एक वाटी तूरडाळीत अर्धी वाटी भोपळ्याच्या फोडी, एकाच भांड्यात कुकरला लावा आणि घोटून घ्या. हळदीच्या रंगात भोपळा दिसतच नाही. गोडसरपणा येतो, म्हणून लिंबू थोडं जास्त पिळा. दुधीही असाच जातो. पण दुधीचा कच्चा तुकडा आधी स्वतः चाखा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि पूर्ण दुधी फेकून द्या. शिजवूनही वापरू नका. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. मुलं चव सांगत नाहीत, म्हणून हे काम तुमचं.

थालीपिठासाठी वाटीभर भाजणीत अर्धी वाटी किसलेला दुधी, कोबी किंवा गाजर. किसाला आधी मीठ लावून पाच मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवा. वरून पाणी घातलं की थालीपीठ चिकट होतं आणि मूल लगेच ओळखतं. टोमॅटोच्या सारात एक गाजर आणि चतकोर बीट शिजवून वाटा. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी शू किंवा शी लाल दिसू शकते, घाबरू नका. बीट दिलेलं नसताना लाल दिसली तर मात्र लगेच डॉक्टरांकडे. इडलीच्या, घावनाच्या पिठात गाजराचा किस, वरणफळांच्या कणकेत वाटलेला पालक, भोपळ्याचे घारगे, कोथिंबीर वडी, मेथीचे मुटके हे सगळं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

कारलं लपवू नका. चव बाहेर येतेच आणि पूर्ण पदार्थ वाया जातो.

कच्चं गाजर, कच्च्या बीटचे कडक तुकडे चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. घशात अडकतात. किसून किंवा शिजवून द्या.

लपवलेली सापडली तर

माझी एक चूक सांगते. पावणेचार वर्षांचा एक मुलगा होता, वरण-भात आणि पराठा एवढंच खाणारा. मी पराठ्यात पालक घालायला लागले. आठवडाभर व्यवस्थित चाललं. एके दिवशी त्याने पराठ्यातून पानाचा एक धागा काढला, नखावर घेतला, माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "काकू, हे काय?" मी म्हटलं, "कोथिंबीर." त्याने खाल्लं. संध्याकाळी आई न्यायला आली. तिला मी कौतुकाने सांगितलं आणि तिने तिथेच त्याला उचलून घेतलं, "अरे वा, तू पालक खाल्लास!" तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पराठ्याला हात लावला नाही. त्यानंतर तीन आठवडे साध्या पोळीचाही पदर उलगडून आत बघायचा, मगच घास तोडायचा. त्याला पालक खुपला नव्हता, मी खोटं बोलले ते खुपलं होतं.

तेव्हापासून मी आपणहून सांगत नाही, पण विचारलं तर खरं सांगते. "पालक आहे. नको असेल तर ठेव." आणि खाल्ल्यावर जिंकल्यासारखा गाजावाजा करत नाही, आयांनाही करू देत नाही.

तुमच्या घरी हे झालं असेल तर तो पदार्थ दोन आठवडे पूर्णपणे साधा करा. काही घालू नका. मुलाला आत बघू द्या. विश्वास परत आल्यावर भाजी नव्याने आणा, पण दुसऱ्या पदार्थातून.

तपासणी ७: लपवलेलं हळूहळू उघडं करणं

सगळ्यात वेळखाऊ हे आहे. नवी चव मान्य करायला मुलाला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखावी लागते. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या "नको"ला ती भाजी येणं बंद होतं.

त्याच मुलाबरोबर मी भोपळ्यावर काम केलं. पहिला आठवडा वरणात पूर्ण घोटलेला. दुसऱ्या आठवड्यात घोटताना हात हलका ठेवला, दोनचार गोळे राहू दिले. त्याने एक गोळा जिभेवर फिरवला, माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं "भोपळा", त्याने गिळला. तिसऱ्या आठवड्यात भोपळा चिरताना त्याला शेजारी बसवलं आणि बिया काढायला दिल्या. बोटं चिकट झाली म्हणून आधी रडला, मग बिया धुऊन ताटलीत मांडून मोजत बसला. चौथ्या आठवड्यात घारगे त्याने स्वतः थापले. पाचव्या आठवड्यात वरणात अख्खी फोड घातली, ती त्याने कडेला काढली. सहाव्या आठवड्यातही काढली. सातव्यात खाल्ली. वर्ष संपताना तो भोपळा, गाजर, शेवग्याची शेंग आणि कुरकुरीत भेंडी खात होता. पालेभाजी खात नव्हता. मी एवढ्यावर समाधान मानलं आणि त्याच्या आईलाही तसंच सांगितलं.

एका वेळी एकच भाजी घ्या. दोन घेतल्या की मूल गोंधळतं आणि आपलाही हिशेब चुकतो.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

पुढचं काही दिसत असेल तर घरचे प्रयोग बंद करा. वर लिहिलेलं त्यावर उपाय नाही.

वजन वाढत नाही किंवा उतरतं आहे. अंगणवाडीतली किंवा लसीकरणाच्या कार्डावरची वाढीची रेघ बघा, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. मूल फिकट दिसतं, लवकर दमतं, माती, खडू किंवा भिंतीचे पोपडे खातं. घास घेताना वारंवार ठसका, उलटी, गुदमरणं. रात्री घोरतं आणि तोंड उघडं ठेवून झोपतं, कारण टॉन्सिल वाढलेले असले तर चावून खायचा घास त्रासदायक होतो. शी करताना दुखतं, रक्त येतं किंवा पोट सतत फुगलेलं असतं. आधी खात असलेले पदार्थही एकामागून एक बंद होत आहेत आणि मोजके पाच-दहाच उरले आहेत.

शेवटच्या लक्षणाबरोबर मूल विशिष्ट रंगाचं किंवा विशिष्ट पाकिटातलंच खात असेल, हाताला ओलं लागलेलं सहन होत नसेल, उशिरा बोलत असेल किंवा नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना हे सगळं स्पष्ट सांगा. हा हट्ट नसतो. अशा मुलांना खाणं शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट असतात. खासगी खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी फुकट होते आणि तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. माझ्याकडची दोन मुलं अशा थेरपीला गेली. दोघांच्याही आयांना नातेवाईकांनी आधी वर्ष-दीड वर्ष "लाडावलंय" असंच ऐकवलं होतं. तेवढा वेळ वाया गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

दुकानातून भूक वाढवणारं सिरप मनाने आणू नका. अशा बऱ्याच सिरपमध्ये मुळात ॲलर्जीचं औषध असतं, त्याने मूल पेंगतं. लोहाचं औषधही रक्त तपासल्यावरच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने द्या आणि बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. जास्त लोह विषासारखं असतं.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची वही, वजनाच्या नोंदी आणि मूल सध्या जे काही खातं त्या सगळ्या पदार्थांची यादी बरोबर न्या. जेवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ असेल तर तोही दाखवा. दवाखान्यात मूल तसं जेवून दाखवत नाही.